ब्याऐंशी ते सत्त्याऐंशी किलो

केरेतारो, मेक्सिको
१२ जानेवारी २०२५

ती. नाना आणि काकी,
यशराजचा साष्टांग नमस्कार.

नाना, तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि वाडीवर रेंजही टिकत नाही, म्हणून हे पत्र. समीक्षाताई महाडहून रविवारी घरी येताना छापून आणेल. तुम्ही उत्तर लिहिलंत की फोटो काढून मला पाठवेल.

कारखान्यातलं काम ठीक आहे. गाडीच्या ब्रेकचे भाग तपासायचे, तेच. दोन वर्षं झाली, आता स्पॅनिशही बऱ्यापैकी येते. कामावरून सुटल्यावर इथल्या एका तालमीत जातो, हे मी मागे कळवलं होतं. इथल्या कुस्तीला लुचा लिब्रे म्हणतात. माती नाही, दोर लावलेला चौकोनी आखाडा असतो. एका लढतीत तीन डाव, दोन मारील तो जिंकला.

तर बातमी अशी की गेल्या रविवारी इथल्या आखाड्यात मला मिडल वजनगटाचा पट्टा मिळाला. फोटो पाठवतोय. तोंडावर मुखवटा आहे, पण मीच आहे तो. इथं बरेच पैलवान मुखवटा घालतात, तशी रीतच आहे.

पट्टा हातात आला तेव्हा पहिली तुमची आठवण झाली. काकी, काळजी करू नकोस, लागलं-बिगलं नाही.

तुमचा,
यशराज


खडकवाडी, ता. पोलादपूर
१९ जानेवारी

चि. यशराज यास सोनबा नानाचा पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र समीक्षानं सकाळी आणलं. मी एकदा वाचलं, तुझ्या काकीला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मंग देवळात नेऊन सगळ्या वाडीला वाचून दाखवलं. तुझा बाप आज असता तर त्यानं गावभर पेढं वाटलं असतं. मी गूळ वाटला.

दोन गोष्टी विचारतो. एक म्हंजे हे मिडल काय हाय? आपल्याकडं जत्रेत काटा कुठला? मी आपला पोरांच्या मनगटाला हात लावून, खांदा बघून जोड लावतो. तिकडं किलोवर लावतात तर किती किलोला मिडल म्हणतात ते नीट लिही.

दुसरं, मुखवट्याचा फोटो बघून मुरारी म्हणाला, ‘नाना, ही टीव्हीवरच्यासारखी ठरवून केलेली कुस्ती तर नाय ना?’ जत्रा कमिटीचा अध्यक्ष झाला म्हणून कायपण बोलतो. मी त्याला तिथंच झापला. म्हटलं, माझ्या हाताखाली बारा वर्षं माती अंगाला लावलेला पोरगा हाय तो, नुरा कुस्ती त्याच्याकडून व्हायची नाय.

काकी म्हणते फोटोत तुझे पाय बारीक दिसतात. मी म्हटलं, विजार काळी हाय म्हणून तसं दिसतं.

तुझा,
नाना


केरेतारो
२ फेब्रुवारी

ती. नाना,
साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून गूळ खाल्ल्यासारखं वाटलं. देवळात वाचायला नको होतं, पण आता वाचलंत.

वजनगटांचं विचारलंत. इथं ते खूप आहेत. फ्लाय म्हणजे बावन्न किलोपर्यंत, तिथून पायरी पायरीनं वर जातं. सत्तरपर्यंत लाइट. सत्तर ते सत्त्याहत्तर वेल्टर, मग मध्ये आणखी एक गट. मिडल म्हणजे ब्याऐंशी ते सत्त्याऐंशी. त्याच्यावर आणखी काही गट, आणि सगळ्यांत वर, शंभराच्या पुढचे हेवी.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. बाकी जगात सगळ्यांत जड पैलवानाला मान. इथं तसं नाही. वेल्टर आणि मिडल हेच लोकांचे लाडके. हलका माणूस दोरावर चढतो, उडी घेतो, हवेत वळतो, आणि म्हाताऱ्या बायका खुर्चीवर उभ्या राहून ओरडतात. जडांच्या वेळी लोक खायला उठतात.

इथले माझे वस्ताद डॉन चेमा; ‘डॉन’ म्हणजे आपल्याकडं मानानं ‘राव’ म्हणतात तसं. वय सत्तर, तुमच्यासारखेच कान चुरगळलेले. कमी बोलतात.

कारखान्यात सध्या ऑडिट आहे, म्हणून पत्र लहान. काकीला सांगा, जेवण व्यवस्थित आहे.

तुमचा,
यशराज


खडकवाडी
१६ फेब्रुवारी

चि. यशराज यास अनेक आशीर्वाद.

ब्याऐंशी ते सत्त्याऐंशी! अरे, इथून गेलास तेव्हा एकोणसत्तर होतास. महाडला दवाखान्याच्या काट्यावर मीच उभा केला होता तुला. दोन वर्षांत तेरा किलो म्हंजे तिकडचं दूधदुभतं चांगलंच दिसतंय. मी खूश हाय. काकी मात्र फोटो घेऊन उजेडात जाते आणि परत येऊन म्हणते, ‘हा वाळलाय.’ बायकांना पोर कायम वाळलेलंच दिसतं.

आता खरी बातमी. तुला चैत्रात रजा मिळणार हे समीक्षानं सांगितलं. जत्रा तेरा एप्रिलला, रविवारी हाय. कमिटीनं ठरवलंय, यंदाची शेवटची मानाची जोड तुझी. समोर वाईकडचा मंगेश पैलवान. वजन शहाऐंशी, तुझ्याच गटातला. मी मुद्दाम विचारून घेतलं, जोड अन्यायाची नको म्हणून. मानेवर बसला की भल्याभल्यांना उठू देत नाय म्हणतात. पण तू पट्टेवाला, तुला काय सांगायचं?

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर तुझा बॅनर लागलाय. मुखवटा घातलेला फोटो, खाली तुझं नाव, त्याच्याखाली माझं. माझं नाव असं कुठं लागलं नव्हतं रे कधी. बाजाराच्या दिवशी मी दोनदा त्या बाजूनं गेलो.

ढोलवाले सांगून ठेवलेत. तिकीट काढ.

नाना


केरेतारो
२३ फेब्रुवारी

ती. नाना,

हे पत्र तुम्ही एकट्यानं वाचा. देवळात नेऊ नका.

माझं वजन आजही एकोणसत्तर किलो आहे. काकीला बरोबर दिसलं.

मिडलचा पट्टा माझ्याकडे आहे हे खरं. पण इथं पट्ट्याचं नाव एक आणि माणसाचं वजन दुसरं, हे चालतं. आमच्या छोट्या आखाड्यात तर काटाच नाही. चालकानं कागदावर माझ्या नावापुढं त्र्याऐंशी लिहिलं, झालं. लोकांनाही ठाऊक असतं, कुणी विचारत नाही.

विचारत नाहीत, कारण कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. मुरारीदादा म्हणाला ते खरं आहे. पट्टा मला मिळणार हे मला चार दिवस आधी सांगितलं होतं. समोरचा पैलवान ब्याण्णव किलोचा होता. खऱ्या कुस्तीत मी त्याला तसूभर हलवू शकलो नसतो.

मी आधीच लिहायला हवं होतं. लहानपणी टीव्हीवर ती कुस्ती बघत होतो तेव्हा तुम्ही टीव्हीची वायर काढून कौलांवर फेकली होती. ते आठवलं की लिहायचं राहून जायचं. पहिल्या वर्षी इथं मी फार एकटा होतो नाना. कारखाना, खोली, कारखाना. एकदा रस्त्यानं जाताना एका दारातून अंग आपटल्याचा आवाज आला आणि घामाचा वास आला, आपल्या तालमीतला असतो तसा. मी आत गेलो. डॉन चेमांनी माझ्या मनगटाला हात लावून बघितलं. अगदी तुमच्यासारखं. म्हणून राहिलो.

मंगेश पैलवानाशी मी लढू शकत नाही. सतरा किलोचा फरक आहे. तो खरा लढेल आणि माझी मान जाईल. तुम्हाला तोंडघशी पाडलं. म्हणाल तर येत नाही. रजा रद्द करतो.

यशराज


महाड
९ मार्च

प्रिय यशा,

मी समीक्षाताई. नानांचं पत्र नाही, म्हणून मीच लिहितेय.

तुझं पत्र मी छापून दिलं, वाचलं नाही. त्यांनी अंगणात बसून वाचलं, घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि गोठ्यात गेले. त्या दिवशी जेवले नाहीत. आईनं विचारलं, ‘पोराला काही झालंय का?’ तर म्हणाले, ‘पोर ठीक हाय.’ तेवढंच.

संध्याकाळी निघताना मी म्हटलं, ‘नाना, उत्तर द्या, फोटो काढते.’ ‘पुढच्या रविवारी,’ म्हणाले. पण आज सकाळी मी आले तर ते घरात नव्हते. आई म्हणते काल पहाटे पांढरा सदरा घालून पोलादपूरला उतरले आणि आंबेनळी घाटानं वर जाणाऱ्या एसटीत बसले. सहासष्टाव्या वर्षी एकटे, कान ऐकत नाहीत, आणि कुठं जातो ते सांगितलं नाही. रात्री वाईहून कुणाच्या तरी फोनवरून निरोप आला, सुखरूप आहे, मुक्काम करतो.

वाईला आपलं कोण आहे रे? तू काय लिहिलं होतंस?

रजा रद्द करू नकोस. आई रोज विचारते.

समीक्षाताई


खडकवाडी
२३ मार्च

चि. यशराज यास आशीर्वाद.

उशीर झाला. आधी केलं ते सांगतो, मंग बोलायचं ते बोलतो.

मी वाईला मंगेशच्या तालमीत गेलो. त्याच्या वस्तादांपुढं बसून सांगितलं, ‘जोड चुकली. पोरगा एकोणसत्तरचा हाय. माझ्या ऐकण्यात घोळ झाला.’ ते काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाय. मंग मंगेशनं पाटीवर खडूनं लिहून दाखवलं, ‘मी तरी येतो, माझी दुसरी जोड लावा.’ घाट चालत चढून आल्यासारखा दम लागला होता मला, त्यानं ताक दिलं. चांगला पोरगा हाय.

परत आल्यावर कमिटीपुढं उभा राहिलो. सगळं सांगितलं, पट्टा कसा मिळतो तेपण. मागून कुणीतरी हसलं. ऐकू नाय आलं, पण खांदे हलले की कळतं. मुरारी हसला नाय. उठून म्हणाला, ‘नाना, बॅनर उतरवतो. पण पोराला येऊ दे. त्याच्या वजनाची जोड शोधू.’ मी झापलेला माणूस तो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

आता माझं. यशा, तू लढतोस ते ठरवून लढतोस, ह्याचा मला राग नाय. मला खोटं लिहिलंस, ह्याचा हाय. तो जाईल हळूहळू.

पहिल्याचा राग का नाय ते सांगतो. हे मी कुणाला बोललो नाय.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा. तुडीलच्या जत्रेत शेवटची जोड माझी आणि काशीराम पैलवानाची. काशीराम तुडीलचाच, तेव्हा सेहेचाळिशीचा. नदीकाठच्या सगळ्या गावांत त्याचं नाव. त्याची ती शेवटची कुस्ती हे सगळ्यांना ठाऊक होतं. दहाव्या मिनिटाला मी त्याला खाली घेतला, मानेवर घुटना ठेवला. एक झटका आणि चित, असा तो माझ्या हातात होता. तेव्हा खालून कानाशी बोलला, ‘पोरा, खांदा निखळला. माझ्याच गावात नको.’

मी हात ढिला केला. पण एकदम सोडला असता तर लोकांना कळलं असतं. म्हणून आम्ही पुढं बारा मिनिटं लढलो. त्याचा दुखरा खांदा मी माझ्या छातीखाली झाकून धरला. त्याला कळ आली की मी ओरडायचो, त्याचा आवाज कुणाला जाऊ नये म्हणून. तो मला उलटवायचा, मी उलटायचो, पुन्हा त्याच्या दुखऱ्या बाजूला यायचो. लोक वेडे झाले होते. बरोबरीत सोडवली. दोघांना खांद्यावर घेऊन नाचले.

ती खोटी कुस्ती. आणि मी आयुष्यात सगळ्यांत चांगला लढलो तो त्याच बारा मिनिटांत. म्हणूनच असेल, खोट्या कुस्तीचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. टीव्हीची वायर मी कौलांवर फेकली ती तुझ्यामुळं नाय.

पुढच्या साली त्याच काशीरामनं आपली पोरगी मला दिली. ती तुझी काकी. हे तिला ठाऊक नाय. समीक्षा फोटो काढताना वाचेल, तिनं आईला सांगू नये.

तू ये. खरा लढ, तुझ्या वजनाच्या पोराशी. हरलास तर हरलास.

नाना

(यशा, मी समीक्षाताई. मी सांगितलंच आईला. राहवलं नाही. ती भाकरी थापत होती, हातसुद्धा थांबला नाही तिचा. म्हणाली, ‘मला कधीचं ठाऊक हाय. लग्न ठरवताना आमच्या बानं सांगितलं होतं, चिमे, पोरगा धरतो चांगला आणि सोडतो पण चांगला. नायतर ह्या वाडीवर पाणी भरायला कोण आली असती?’ नानांना हे कळवायचं की नाही ते मायलेकींनी ठरवलेलं नाही.)


केरेतारो
२७ एप्रिल

ती. नाना,
साष्टांग नमस्कार.

पोचून दहा-बारा दिवस झाले. जत्रेनंतर लगेच मुंबईची गाडी धरायची होती म्हणून धड बोलणं झालंच नाही. तुम्ही माझ्या पाठीवरची माती पुसलीत आणि मी निघालो. त्या पाठीबद्दलच लिहायचंय.

रितेश महाडच्या तालमीतला, वजन सत्तर. जोड बरोबरीची होती. मी दमलेला नव्हतो, घाबरलेला नव्हतो. त्यानं माझ्या पायाला हात घालून पट काढला तेव्हा तो डाव मला दिसलाही होता. तरी तिसऱ्या मिनिटाला मी चित झालो. लोकांना वाटलं, परदेशात राहून पोरगा मऊ झाला. तुम्हालाही तसं वाटलं असेल तर सांगतो.

तुम्ही बारा वर्षं शिकवलंत की मातीत पाठ लागू द्यायची नाही. इथं पहिल्या दिवशी डॉन चेमा म्हणाले, पडायला शीक. पूर्ण पाठीवर, दोन्ही हात पसरून, हनुवटी छातीला लावून. म्हणजे मान वाचते. माझं अंग ऐकेना. टाकलं की मी मांजरासारखा वळायचो आणि खांद्यावर आदळायचो. दोन महिने ते मला रोज शंभरदा पाडत होते. एक दिवस अंगानं ऐकलं.

रितेशनं उचललं तेव्हा मी काही ठरवलं नाही. अंग आपोआप पाठीवर गेलं. हात पसरले, हनुवटी छातीला. इतकं सुंदर पडलो नाना, इथं असतो तर टाळ्या पडल्या असत्या. पंचांनी निकाल दिला आणि मी मातीत पडून हसत होतो. लोकांना वाटलं डोक्याला मार लागला.

आता मला दोन्ही जमणार नाही. एक अंग आहे, ते एकच शिकणार. मी इथलं सोडायचं की नाही ते तुम्ही सांगा. तुम्ही सोड म्हणालात तर सोडतो, मनापासून सांगतो.

काकीनं दिलेले कुळीथ विमानतळावर उघडून बघितले, पण जाऊ दिले नाहीत. तिला सांगू नका.

तुमचा,
यशराज


खडकवाडी
४ मे

चि. यशराज यास नानाचा आशीर्वाद.

तू हसलास ते मी बघितलं होतं. मला वाटलं शरमेनं हसतोस. आता कळलं.

तुझी काकी मला परवा म्हणाली, ‘तुमच्या त्या बारा मिनिटांचं मला सगळं ठाऊक हाय.’ चाळीस वर्षं गप्प बसली होती बाई. मी विचारलं, आधी का नाय बोललीस? तर म्हणाली, ‘तुम्ही लपवताय हे बघायला बरं वाटायचं.’

तू विचारलंस, सोडू का. मी लगेच काय सांगणार? मी बघितलीच नव्हती तुझी कुस्ती. म्हणून आज समीक्षाला म्हटलं, दाखव. तिनं मोबाईलवर आधीच उतरवून ठेवलेली तुझ्या पट्ट्याची सगळी लढत लावली. मला आवाज ऐकू येत नाय ते बरंच झालं, नुसतं बघता आलं. तीनदा बघितली.

पहिल्यांदा बघितली तेव्हा मला फक्त चुका दिसल्या. पकड उघडी, पाय सुटे, समोरचा उगाच गिरक्या घेतो. मी मोबाईल ठेवून दिला. मंग परत घेतला.

दुसऱ्यांदा मला तुझा डावा हात दिसला. तू त्या जाड्या पैलवानाला उचललास, आणि खाली टाकायच्या आधी तुझा हात त्याच्या मानेखाली गेला. लोकांना दिसला नसेल. मला दिसला. चार वेळा टाकलास, चारही वेळा गेला.

तिसऱ्यांदा मी त्या जाड्याला बघितलं. तू दोरावरून त्याच्या अंगावर उडी घेतलीस. ती उडी जराशी आखूड पडली होती, तुला ठाऊक असेल. तू तोंडावर आपटला असतास. तो दोन पावलं पुढं आला, तुला छातीवर घेतला आणि तुझ्याखाली पडला. पट्टा हरायचा होता त्याला, तरी पुढं आला. ब्याण्णव किलोचा माणूस आणि पाऊल कसं बेतून टाकलं!

हे मी तुला शिकवलं नाय यशा. बारा वर्षं मी तुला समोरच्याला पाडायचं कसं तेवढं शिकवलं. त्याला जपायचं कसं, हे मी शिकवलं नाय, कारण ते मलाच एकदा, नाइलाजानं, मातीत पडल्या पडल्या शिकायला लागलं. तुझे ते वस्ताद ते पहिल्या दिवसापासून शिकवतात असं दिसतं.

सोडू नको.

उडी आखूड पडते ती उजवा पाय घाई करतो म्हणून. दोन मोजून मार.

आणि खालची ओळ तिकडच्या बोलीत लिहून डॉन चेमांना वाचून दाखव. त्यांनापण ऐकू येत नसेल तर हातात दे.

‘वस्ताद, सोनबा उतेकर, खडकवाडी, यांचा रामराम. पोर तुमच्याकडं हाय, आम्ही इकडं निवांत झोपतो.’

तुझा,
नाना